स्टिकी हलवायची होती, एजंटने नवी लिहून जुनी पुसली

सीबीडी बेलापूरमध्ये एक फ्रेट फॉरवर्डिंग कंपनी आहे. न्हावा शेवाहून निर्यातीचे कंटेनर रवाना करणं हा तिचा धंदा. महिनाअखेरीला ऑपरेशन्सची मंडळी एका डिजिटल व्हाईटबोर्डवर जमतात. कुठला कंटेनर गेट कट-ऑफला (बंदरात आत घेण्याची शेवटची वेळ) चुकला, कुठला शट आउट झाला, म्हणजे ठरलेल्या जहाजावर चढलाच नाही, कशामुळे झाला, याच्या स्टिकी, म्हणजे छोट्या चिठ्ठ्या, लावतात. काही जण बेलापूरच्या ऑफिसात असतात, कोणी कळंबोलीच्या यार्डातून फोनवर, तर एखादा उरणकडच्या सीएफएसमधून, म्हणजे कंटेनर भरण्या-उतरवण्याच्या गोदामातून. या बोर्डाला जोडलेला एआय एजंट (भाषा-मॉडेलच्या आधारे बोर्डवर स्वतः काम करणारा प्रोग्राम) महापेच्या एका छोट्या सॉफ्टवेअर टीमने बनवला होता. एका बैठकीत त्याने बोर्डाची जी अवस्था केली, त्यानंतर टीमने मला बोलावलं. मी तांत्रिक लेखन करते. एजंटला दिलेल्या टूल्सची (स्टिकी लावणं, पुसणं अशी एकेक क्रिया करणारी साधनं) वर्णनं नव्याने लिहून द्यायची, असं काम होतं. दोन्ही कंपन्यांची नावं देत नाही, प्रकरण मात्र पूर्ण मांडते. व्हाईटबोर्डवर एजंट बसवणाऱ्या कुणालाही या अडचणी थोड्याफार फरकाने येणारच आहेत.

बोर्ड कसा होता

बोर्डवर डावीकडून उजवीकडे पाच फ्रेम, म्हणजे चौकटी, होत्या: फॅक्टरी, सीएचए (कस्टमचं काम बघणारा दलाल), शिपिंग लाइन (जहाज कंपनी), ट्रान्सपोर्ट, टर्मिनल. पिवळी स्टिकी म्हणजे नुसता उशीर. गुलाबी म्हणजे उशिरापायी पैसेही गेले, मग ते डिटेन्शन (कंटेनर मुदतीपेक्षा जास्त ठेवल्याचा आकार) असो, ग्राउंड रेंट (यार्डातल्या जागेचं भाडं) असो की पुढच्या जहाजाचं वाढीव भाडं. फ्रेममध्ये स्टिकी जितकी वर, तितकी ती गोष्ट आधी घडलेली. हे नियम कुठे लिहून ठेवलेले नव्हते, बैठका होता होता ठरत गेले होते.

एक नियम तर कोणी कधी बोलूनही दाखवला नव्हता. ज्या उशिराची जबाबदारी दोघे एकमेकांवर ढकलतात, त्याची स्टिकी दोन फ्रेमच्या सीमेवर लागायची. व्हीजीएमचंच घ्या. भरलेल्या कंटेनरचं हे प्रमाणित वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. जहाजांच्या सुरक्षेच्या सोलास या आंतरराष्ट्रीय करारातली ही तरतूद १ जुलै २०१६ पासून लागू आहे. जबाबदारी शिपरची, म्हणजे माल पाठवणाऱ्याची, पण या कंपनीच्या कामात वजन लाइनच्या पोर्टलवर चढवायचा तो सीएचए. पोर्टल अडलं की सीएचए म्हणणार लाइनचा दोष, लाइन म्हणणार तुम्हीच उशिरा चढवलं. त्यामुळे ती स्टिकी सीएचए आणि लाइन यांच्या मधल्या रेघेवर, अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे. बैठकीत खरी चर्चा व्हायची ती अशाच स्टिकींवर. बाकीच्यांचा दोष कुणाचा हे सगळ्यांना ठाऊकच असायचं.

म्हणजे या बोर्डवर मजकुराइतकाच अर्थ जागेत होता. पुढे जे बिघडलं ते सगळं इथूनच सुरू होतं.

बैठकीत काय झालं

साठ-सत्तर स्टिकी लागल्या, त्यांवर मतं पडली. मग ऑपरेशन्स बघणाऱ्या मॅडमनी एजंटला लिहिलं, "एकाच कारणाच्या स्टिकी जवळजवळ लाव आणि प्रत्येक गटाला नाव दे. काही पुसू नकोस."

एजंटने काम केलं आणि कळवलं की सर्व स्टिकी गटांत लावल्या आहेत, कोणतीही माहिती गेलेली नाही.

पहिला प्रश्न कळंबोलीहून आला. "मॅडम, माझी स्टिकी कुठाय? प्लाझावाली?" गाड्यांचं बघणारे काका विचारत होते. त्यांनी लिहिलं होतं: "टोकन लावलं तरी गाडी पार्किंग प्लाझात ४ तास उभी, कट-ऑफ गेला, ड्रायव्हर सकाळपासून उपाशी." त्या जागी आता "वाहतुकीतील विलंब" अशी स्टिकी होती, आणि लिहिणारा म्हणून एजंटचं नाव होतं. काकांच्या स्टिकीवर पडलेली मतं गेली होती, खालच्या कॉमेंट गेल्या होत्या, टर्मिनलमधल्या एका स्टिकीकडे जाणारी जोडरेषा तुटली होती. सीमेवरच्या स्टिकी कुठल्या ना कुठल्या फ्रेममध्ये सरकल्या होत्या. बोर्डच्या उजव्या टोकाला मात्र काही जुन्या स्टिकी जशाच्या तशा होत्या, एजंटने त्यांना हातही लावला नव्हता.

बोर्डची आधीची आवृत्ती परत आणता आली. तरी त्या दिवशी चर्चा पुढे सरकली नाही. पुढच्या बैठकीला काकांनी स्टिकी लावलीच नाही, फोनवर सांगितलं, "तुम्हीच लिहून घ्या." मला यातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच वाटते. माणसाने आपल्या शब्दांत मांडलेली तक्रार यंत्राने गुळगुळीत करून टाकली की तो माणूस पुन्हा लिहायला येत नाही.

आधी सुचलेले उपाय

मी जाण्याआधी टीमने दोन गोष्टी करून पाहिल्या होत्या. मॉडेल बदललं. फरक पडला, पण बेभरवशाचा. एकदा बरं व्हायचं, दुसऱ्यांदा तेच. मग एजंटच्या मुख्य सूचनांमध्ये एक ओळ घातली: कधीही काही डिलीट करू नकोस. ती त्याने पाळली. आता तो जुन्या स्टिकी तशाच ठेवून त्यांच्यावर नव्या चिकटवू लागला. बोर्डवर एकाखाली एक दोन-दोन थर, आणि कुठला खरा ते कळेना.

या दुसऱ्या उपायाने एक गोष्ट उघड केली. डिलीट करण्याची हौस त्याला नव्हती. स्टिकी हलवायची कशी हेच त्याला माहीत नव्हतं. हलवणं म्हणजे नवी जागा आणि जुनी जागा रिकामी, एवढं त्याला समजत होतं, आणि हातात असलेल्या टूल्समधून ते साधण्याचा एकच मार्ग त्याला दिसत होता.

एजंटला नेमकं काय दिसतं

मी टीमकडे कोड मागितला नाही. मॉडेलकडे जे जातं ते जसंच्या तसं छापून द्या म्हटलं. व्हाईटबोर्डवर काम करणाऱ्या प्रत्येक टीमने हे एकदा तरी करावं.

मॉडेलला टूलचा कोड दिसत नाही. त्याला दिसतं टूलचं नाव, वर्णन आणि कुठले पॅरामीटर (टूल चालवताना भरायची माहिती) द्यायचे याचा जेसॉन स्कीमा, म्हणजे ठरावीक साच्यातलं वर्णन. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग (मॉडेलने टूल वापरण्याची सोय) आणलं तेव्हाही याच तीन गोष्टी होत्या. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी (मॉडेल आणि टूल्स जोडण्याची सामायिक पद्धत), जाहीर केला त्यातही गाभा तोच. या टीमने एमसीपी सर्व्हर, म्हणजे बोर्डची टूल्स मॉडेलला पुरवणारा प्रोग्राम, लिहिला होता. बोर्डचं चित्र ते मॉडेलला पाठवत नव्हते, फक्त जेसॉन, म्हणजे साच्यातला मजकूर. त्यामुळे बोर्ड कसा दिसतो, कुठली स्टिकी कुठल्या रेघेवर आहे, यातलं जे शब्दांत किंवा आकड्यांत आलं तेवढंच मॉडेलपुरतं अस्तित्वात होतं.

छापून आलेल्या कागदावर "अपडेट_आयटेम" या टूलचं वर्णन असं होतं:

"बोर्डवरील आयटेम अपडेट करतं."

पॅरामीटर तीन: आयडी, डेटा, पोझिशन. पोझिशनपुढे एवढंच लिहिलेलं की ते एक ऑब्जेक्ट आहे.

त्याच्या वरच "क्रिएट_स्टिकी" होतं. त्याचं वर्णन पाच वाक्यांचं, नेटकं, रंगांची यादी आणि एका उदाहरणासकट. टीमने सगळ्यात आधी हेच टूल लिहिलं होतं आणि त्याच्यावर जीव ओतला होता. बाकीची टूल्स डेमोच्या आदल्या आठवड्यात भराभर जोडली. एका बाजूला नीट समजावलेलं टूल, दुसऱ्या बाजूला एका ओळीचं मोघम टूल. मॉडेलने पहिलं निवडलं यात नवल नाही. लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदीत, ते स्वच्छ दिसत होतं: यादी मागवली, मग क्रिएट, क्रिएट, क्रिएट, मग डिलीट, डिलीट, डिलीट. अपडेट एकदाही नाही. एखादं टूल चुकीचं वापरलं जातं तेव्हा त्याच्या शेजारच्या टूलचंही वर्णन वाचावं, दोष बरेचदा तिथे असतो.

दुसरी गोष्ट यादीची. "लिस्ट_आयटेम्स" मागची एपीआय (प्रोग्रामने व्हाईटबोर्डशी बोलण्याचा मार्ग) एका वेळी ५० आयटेम देत होती आणि पुढचं पान मागण्यासाठी एक कर्सर परत करत होती. वर्णनात होतं "बोर्डवरील सर्व आयटेम्स देतं". "सर्व" हा शब्द मॉडेलने खरा मानला. उजव्या टोकाच्या स्टिकी वाचल्याच गेल्या नाहीत, आणि तरीही त्याने छातीठोकपणे सर्व स्टिकी लावल्याचं कळवलं. त्याच्या माहितीप्रमाणे ते खरंच होतं.

तिसरं टूल "क्लस्टर_आयटेम्स". नाव ऐकून वाटावं की हे टूल स्टिकींचे विषयवार गट पाडतं. वर्णनातही तेच सूचित केलेलं: "संबंधित आयटेम्स क्लस्टर करतं". प्रत्यक्षात त्याचा कोड काय करायचा? दिलेल्या आयडींना ओळीत आणि रकान्यांत मांडायचा, बस. कोण कुणाशी संबंधित हे ते बघतच नव्हतं. काही चाचण्यांत मॉडेलने अख्खा बोर्ड या टूलकडे सोपवला आणि स्टिकींची एक चौकोनी फरशी तयार झाली.

नव्याने लिहिताना

अँथ्रॉपिकच्या विकसकांसाठीच्या कागदपत्रांत म्हटलं आहे की टूलच्या कामगिरीवर सगळ्यात जास्त परिणाम त्याच्या तपशीलवार वर्णनाचा होतो. ते खरं आहे, पण तपशील कशाचा, हा प्रश्न उरतोच. टीमचा पहिला कल कोडचा तपशील देण्याकडे होता: कुठला एंडपॉइंट, कॅश किती वेळ, वेबसॉकेट कसा. त्यातलं काहीही मॉडेलच्या कामाचं नव्हतं. मी एकच कसोटी धरली. हे टूल चालवल्यावर माणसांनी मांडून ठेवलेल्या बोर्डाचं काय होतं? काय तसंच राहतं, काय बदलतं, काय कायमचं जातं? व्हाईटबोर्डच्या टूलचं वर्णन याच प्रश्नाला उत्तर देणारं हवं, असं माझं ठाम मत आहे.

"अपडेट_आयटेम" आम्ही मोडलं. मजकूर बदलणं आणि जागा बदलणं ही बोर्डच्या दृष्टीने अगदी वेगळी कामं आहेत. एकात दुसऱ्याचं लिहिलेलं बदलतं, दुसऱ्यात बदलत नाही. त्यातून "मूव्ह_आयटेम" निघालं. वर्णनं इंग्रजीतच ठेवली, कारण पुढे ती सांभाळणारी टीम इंग्रजीत काम करते. मराठीत सांगायचं तर ते असं:

"बोर्डवर आधीच असलेली वस्तू नव्या जागी नेतं. आयडी तोच राहतो, म्हणून मजकूर, लिहिणाऱ्याचं नाव, मतं, कॉमेंट आणि जोडरेषा शाबूत राहतात. स्टिकींचे गट पाडायचे असतील, क्रम लावायचा असेल किंवा त्या दुसऱ्या फ्रेममध्ये न्यायच्या असतील तर हेच वापरा. नवी स्टिकी करून जुनी काढणं हा हलवण्याचा पर्याय नाही. त्यात मतं आणि कॉमेंट जातात. एक्स आणि वाय हे वस्तूच्या मध्यबिंदूचे. वाय खाली जाताना वाढतो. फ्रेमचा आयडी दिला तर मोजमाप त्या फ्रेमच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, न दिल्यास बोर्डच्या केंद्रापासून. ठरलेल्या जागी आधीच काही असेल तर हे टूल त्याला बाजूला सारत नाही. आधी जागा मोकळी आहे का ते तपासा."

एक्स-वायची वाक्यं रुक्ष वाटतात, पण त्यांच्याशिवाय चालत नाही. मिरो या व्हाईटबोर्डच्या एपीआयमध्ये वस्तूची जागा मुळात तिच्या मध्यबिंदूने सांगतात आणि बोर्डचा शून्यबिंदू बोर्डच्या मधोमध असतो. फ्रेममधल्या वस्तूचं मोजमाप मात्र फ्रेमच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून. एक्सकॅलिड्रॉ या दुसऱ्या व्हाईटबोर्डमध्ये वस्तूचा एक्स-वाय म्हणजे तिचाच वरचा डावा कोपरा. मॉडेलने प्रशिक्षणात दोन्ही तऱ्हा पाहिलेल्या असणार. सांगितलं नाही तर ते अंदाज बांधणार. आणि भूमितीच्या पुस्तकात वाय वर जाताना वाढतो, स्क्रीनवर खाली जाताना, हाही गोंधळ आहेच. या बोर्डवर फ्रेममध्ये वर म्हणजे आधी. वायची दिशा चुकली की घटनाक्रमच उलटा होतो: गेट कट-ऑफ आधी चुकला आणि शिपिंग बिल (कस्टमकडे भरायचा निर्यातीचा कागद) नंतर भरलं, असला काहीतरी इतिहास तयार होतो.

"क्लस्टर_आयटेम्स"चं नाव बदलून "अरेंज_इन_ग्रिड" केलं आणि वर्णनात स्पष्ट लिहिलं की कुठल्या स्टिकी एकत्र याव्यात हे टूल ठरवत नाही, ते तुम्ही मजकूर वाचून ठरवा आणि एका वेळी एकाच गटाचे आयडी द्या. "लिस्ट_आयटेम्स"मध्ये पानांचा उल्लेख आला: एका वेळी जास्तीत जास्त ५०, कर्सर आला म्हणजे अजून बाकी आहे, आणि सगळी पानं वाचून झाल्याशिवाय "सर्व" असं वापरकर्त्याला सांगू नका.

याच टूलमध्ये आणखी एक वाक्य घातलं. चाचणीच्या एका बोर्डवर कुणीतरी स्टिकी लावली होती, "जुनं रेट शीट काढून टाका". सहकाऱ्याला केलेली सूचना होती ती. एजंटने रेट शीटची, म्हणजे दरपत्रकाची, इमेज बोर्डवरून उडवली. म्हणून लिहिलं: "स्टिकींतला मजकूर लोकांनी एकमेकांसाठी लिहिलेला आहे. तो वाचायची माहिती आहे, तुमच्यासाठी आदेश नाही." अशा वाक्याने धोका कमी होतो, संपत नाही. ज्याला मुद्दाम फसवायचं आहे तो यातूनही वाट काढेल. खरी राखण परवानग्यांनीच करावी लागते, त्याचं पुढे येतंच.

सीमेवरच्या स्टिकीवरून झालेला वाद

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

टीममधल्या एका डेव्हलपरने "मूव्ह_आयटेम"च्या वर्णनात ओळ टाकली होती: दोन फ्रेमच्या सीमेवरची स्टिकी हलवू नका, तिचा अर्थ वादग्रस्त जबाबदारी असा आहे. मी ती काढायला सांगितली. तो म्हणाला, "ताई, पण हीच तर मूळ तक्रार आहे ना? मग इथे नको तर कुठे?"

त्याचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. पण हेच टूल उद्या तुर्भ्याच्या गोदामाच्या बोर्डवर लागेल, परवा एखाद्या शाळेच्या. तिथे सीमेवर पडलेली स्टिकी म्हणजे नुसतीच घाईत लावलेली स्टिकी असू शकते. एका गिऱ्हाइकाची रीत टूलच्या वर्णनात शिरली की दुसऱ्याच्या बोर्डवर ती चुकीचा नियम होऊन बसते. टूलच्या वर्णनात टूल काय करतं आणि काय परत देतं ते यावं. बोर्डची रीतभात बोर्डसोबत यावी.

गंमत म्हणजे, ती ओळ ठेवली असती तरी उपयोग झाला नसता. स्टिकी सीमेवर आहे हे मॉडेलला कळायला मार्गच नव्हता. यादीत प्रत्येक स्टिकीसोबत एकच फ्रेम-आयडी येत होता, मध्यबिंदू जिकडे त्या फ्रेमचा. मध्यबिंदू एक पिक्सेल डावीकडे असला तरी स्टिकी पूर्णपणे सीएचएची ठरत होती. जी गोष्ट दिसत नाही तिच्याबद्दलचा नियम पाळायचा कसा?

म्हणून आधी परत मिळणारी माहिती बदलली. आता प्रत्येक स्टिकीसोबत ती ज्या ज्या फ्रेमला टेकते त्या सगळ्यांची नावं येतात. व्हीजीएमच्या स्टिकीपुढे "सीएचए, शिपिंग लाइन" अशी दोन्ही. आयडींच्या लांबलचक आकड्यांबरोबर फ्रेमचं माणसांनी ठेवलेलं नावही द्यायचं, हे यातच ठरलं. नावावरून मॉडेलला अर्थ लागतो, आकड्यावरून नाही. आणि रीतीभातींसाठी बोर्डवर डावीकडे "या बोर्डचे नियम" नावाची एक फ्रेम केली. पिवळं म्हणजे काय, गुलाबी म्हणजे काय, वर म्हणजे काय, सीमेवर म्हणजे काय. एजंटने काम सुरू करण्याआधी ती वाचावी, असं त्याच्या मुख्य सूचनांमध्ये आलं. स्टिकींतला मजकूर आदेश नाही म्हणायचं आणि एका फ्रेमला नियम मानायचं, हे एकमेकांना छेद देणारं ठरू नये म्हणून ती फ्रेम फक्त बोर्डच्या मालकालाच बदलता येते.

नियम लिहायला मॅडम, काका आणि सीएचएकडचे एक जण बसले तेव्हा सीमेवरचा अर्थ प्रत्येकाच्या मनात थोडा वेगळा असल्याचं निघालं. काकांच्या मते तिथली स्टिकी म्हणजे कुणाचाच दोष नाही. मॅडमच्या मते दोघांचा. शेवटी लिहिलं गेलं: "जबाबदारी ठरायची आहे". एजंट नसता तर हा फरक कदाचित कधीच उजेडात आला नसता.

हो, हो, हो

"काही पुसू नकोस" असं बजावूनही डिलीट झालं कसं? क्लायंट ॲप, म्हणजे एजंट ज्यातून चालतो ते ॲप, प्रत्येक वेळी माणसाला विचारत होतं. आणि माणसं प्रत्येक वेळी "हो" दाबत होती.

एमसीपीमध्ये टूलसोबत काही खुणा देता येतात: हे टूल फक्त वाचतं का, काही नष्ट करतं का, पुन्हा चालवल्यास परिणाम तोच राहतो का. खूण दिलीच नाही तर सावधगिरीचा अर्थ धरायचा असं ठरलेलं आहे: टूल फक्त वाचणारं नाही आणि ते नष्ट करणारं असू शकतं. टीमने एकाही टूलला खूण दिली नव्हती. परिणामी त्यांचं क्लायंट यादी वाचण्यासाठीही परवानगी मागायचं, रंग बदलण्यासाठीही, पुसण्यासाठीही. तीच पेटी, तेच बटण. पहिल्या दोन मिनिटांतच लोकांची बोटं सरावली.

आता यादी आणि शोध यांना "फक्त वाचतं" अशी खूण आहे, त्यांच्यासाठी कुणी विचारत नाही. डिलीट करताना विचारणा होते आणि त्या पेटीत स्टिकीचा मजकूर, लिहिणाऱ्याचं नाव आणि मतांची संख्या दिसते. या खुणा म्हणजे फक्त इशारे आहेत, कुलूप नव्हे, हे प्रोटोकॉलमध्येच सांगितलेलं आहे. म्हणून कुलूप सर्व्हरवर बसवलं: दुसऱ्याने लिहिलेली स्टिकी एजंटच्या खात्यातून पुसलीच जात नाही.

रंग आणि अक्षरं

रंगाची तक्रार छोटी होती. कोणी "गुलाबी कर" म्हटलं की एजंट तोच शब्द एपीआयला पाठवायचा, आणि उत्तरात कोरडं "४०० बॅड रिक्वेस्ट" (चुकीची विनंती) यायचं. मग तो दोन-तीन वेळा तेच करून रंग न बदलताच पुढे जायचा. चालणाऱ्या रंगांची बंदिस्त यादी स्कीमात घातली. चुकलाच तर उत्तरात लिहून येतं की हा रंग चालत नाही, हे चालतात. चूक मॉडेलला वाचता येईल अशा भाषेत परत गेली की बहुतेक वेळा तो पुढच्याच कॉलमध्ये ती सुधारतो.

अक्षरांची तक्रार मात्र आपल्या लिपीची आहे, आणि मराठीत बोर्ड वापरणाऱ्या प्रत्येकाला ती भेटेल. गटाच्या शीर्षकाला टीमने २४ कॅरॅक्टरची मर्यादा घातली होती, त्यापुढचं सर्व्हर कापून टाकायचा. "शिपिंग बिलातील दुरुस्त्या" हे शीर्षक बोर्डवर "शिपिंग बिलातील दुरुस्त्य" असं उमटलं. डोळ्यांना त्यात दहाच अक्षरं दिसतात. पण युनिकोडमध्ये प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त हा वेगळा कोड पॉइंट, म्हणजे मोजणीतलं वेगळं चिन्ह, असतो. एकट्या "स्त्या"चे सहा होतात: स, हलन्त, त, हलन्त, य, काना. दोन मोकळ्या जागा धरून सगळे मिळून २५. शेवटचा काना कापला गेला.

वर्णनात "२४ कॅरॅक्टरपर्यंत" असं लिहून हे सुटलं नसतं, कारण असं मोजणं मॉडेलला धड जमत नाही. कापणं बंद केलं, शीर्षकाची पट्टी मजकुराप्रमाणे वाढू दिली आणि वर्णनात "शीर्षक तीन-चार शब्दांचं ठेवा" असं लिहिलं. शब्द मोजणं त्याला जमतं.

तपासणी आणि उरलेलं काम

वर्णन चांगलं झालं की नाही हे वाचून ठरत नाही. मूळ बैठकीच्या बोर्डच्या प्रती काढल्या, मॅडमची तीच विनंती वेगवेगळ्या शब्दांत दिली आणि प्रत्येक वेळी कॉलचा क्रम वाचला. यातून कळलं की पहिल्या खर्ड्यात मी काही टूल्सचं वर्णन गरजेपेक्षा लांबवलं होतं. सगळ्या टूल्सची वर्णनं प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातात. शब्द वाढले की खर्च वाढतो आणि महत्त्वाचं वाक्य गर्दीत हरवतं. "मूव्ह_आयटेम" लांबच ठेवलं, कारण तिथे चुकल्यास नुकसान मोठं. "चेंज_कलर" दोन वाक्यांवर आलं.

निकाल देण्याचं काम मॅडमकडे होतं. एजंटने लावलेला बोर्ड समोर ठेवायचा आणि विचारायचं, यावर बैठक घेता येईल? बहुतेक वेळा हो. एकदा त्या म्हणाल्या, "गट बरोबर आहेत, पण फायटो (वनस्पतींच्या आरोग्याचा दाखला) आणि शिपिंग बिल एकत्र का? दोन्ही कागदच, पण एक प्लांट क्वारंटाइनकडून येतो, दुसरा कस्टमकडे जातो. माणसं वेगळी, पळापळ वेगळी." ही उणीव टूलच्या वर्णनाने भरून निघणारी नव्हती. ते ज्ञान "या बोर्डचे नियम" मध्ये गेलं.

काकांच्या स्टिकी आता त्यांच्याच शब्दांत राहतात. गटाचं नाव वर, स्वतंत्र पट्टीवर. खाली प्रत्येकाचं जसं लिहिलं तसं. सारांश हवा असेल तर तो बोर्डच्या बाहेर, चॅटमध्ये.

पेनने काढलेल्या रेघांचं अजून बाकी आहे. बैठकीत कोणीतरी तीन स्टिकींभोवती हाताने गोल काढतो, एखादीवर फुली मारतो. मॉडेलकडे ते येतं बिंदूंची लांबलचक माळ म्हणून, आणि त्यातून गोल कुठला नि फुली कुठली हे त्याला खात्रीने कळत नाही. सध्या "लिस्ट_आयटेम्स"च्या वर्णनात एवढंच आहे: हाताने काढलेल्या रेघांचा अर्थ लावू नका, त्या ज्या स्टिकींवरून जातात त्यांची यादी वापरकर्त्याला द्या आणि काय अभिप्रेत आहे ते विचारा. टीम आता त्या भागाचं चित्र मॉडेलला सोबत पाठवून बघते आहे. ते जमलं तर हे वर्णन पुन्हा लिहावं लागेल.